बिनशिट्टीचा कुकर

आमच्या घरात वेळ मिनिटांत मोजत नाहीत, शिट्ट्यांत मोजतात. भात दोन शिट्ट्या, तूरडाळ चार, भिजवलेले हरभरे सहा, आणि भिजवायचे राहून गेलेले हरभरे शेजारचे चौकशीला येईपर्यंत. मी अंघोळीला निघालो की ही सांगते, "तिसरीच्या आत बाहेर या." भिंतीवर घड्याळ आहे, पण ते पाहुण्यांसाठी.

त्यामुळे मुलीच्या अमेरिकेतल्या ओट्यावर एक लंबगोल, पोट सुटलेलं, काचेच्या झाकणाचं भांडं दिसलं आणि मुलगी म्हणाली, "आई, हा स्लो कुकर," तेव्हा हिचा पहिला प्रश्न ठरलेलाच होता.

"किती शिट्ट्या?"

"एकही नाही."

"मग शिजलं हे कळतं कसं?"

"कळायचं काय त्यात? आठ तासांनी झाकण काढायचं."

आठ तासांत कोल्हापूरची एसटी मुंबईला पोचते. हिने एकदा भांड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि "बरं" म्हणाली. हिचं "बरं" ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

मुलीचं गाव बोस्टनच्या पश्चिमेला तासाभरावर. नाव श्रूजबरी. पुण्यात या नावाच्या बिस्किटांसाठी लोक रांगा लावतात, म्हणून मी पहिल्याच दिवशी बेकरी शोधून आलो. बिस्किटं नव्हती. शेजारच्या आजी मात्र होत्या. ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या मेन राज्यातल्या, आणि आमच्यासारखंच कुणीतरी बोलायला मिळावं म्हणून टपून बसलेल्या. एका शनिवारी संध्याकाळी त्या झाकलेलं भांडं घेऊन आल्या. आत दाट तपकिरी रश्शात घेवड्याचे दाणे, आणि सोबत एक काळसर पाव, ज्याच्या अंगावर पत्र्याच्या डब्याचे वळ जसेच्या तसे उमटलेले. हा पाव भाजत नाहीत, डब्यात पीठ ओतून वाफवतात. "म्हणजे ढोकळ्यासारखा," ही म्हणाली, आणि अमेरिकेबद्दल तिचं मत पहिल्यांदा थोडंसं सुधारलं.

मग तिने घेवडा तोंडात घातला.

आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा टाकतात. हा प्रकार म्हणजे खड्यावर आमटी टाकली होती. आजी समोर बसून उत्सुकतेने बघत होत्या, म्हणून ही हसली आणि "नाइस" म्हणाली. अमेरिकेत सहा महिने काढायला हा एक शब्द तिला पुरला. त्याच शब्दावर तिने नायगारा धबधबा बघितला आणि दाढही काढून घेतली.

आजींकडून कळलं की हा बोस्टनचा मानाचा पदार्थ. या शहराला टोपणनावच मुळी "बीनटाऊन" आहे. तिथली चार विद्यापीठं १९५२ पासून बर्फावरच्या हॉकीची एक स्पर्धा खेळतात, तिचं नाव "बीनपॉट", म्हणजे घेवड्याचं मडकं. एवढी भारी विद्यापीठं एकमेकांच्या उरावर बसतात ती मडक्यासाठी! शिवाय मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९३ साली कायदेशीर ठराव करून भाजलेल्या नेव्ही बीनला राज्याचा अधिकृत घेवडा नेमलंय. आपल्याकडे राज्यफूल आहे, राज्यपक्षी आहे, २०१५ पासून राज्यफुलपाखरूसुद्धा आहे, पण राज्य-कडधान्य नाही. ते नाही तेच बरं. मटकी की वाल, यावर माझ्या एका घराचेच दोन तुकडे पडलेत. मी कोल्हापूरचा, ही अलिबागकडची.

पण हा मान शनिवारचाच का? त्याचं उत्तर तीन-साडेतीनशे वर्षं मागचं. इथे येऊन वसलेले प्युरिटन लोक धर्माला फार कडक. त्यांचा रविवार शनिवारी सूर्य मावळला की लागायचा, आणि तो लागला की काम बंद, म्हणजे स्वयंपाकही बंद. मग बायका शनिवारी सकाळीच मातीच्या मडक्यात घेवडा, डुकराचं खारवलेलं मांस आणि मोलॅसिस घालून मडकं भट्टीत सरकवून द्यायच्या. संध्याकाळी गरम खायचं, उरलेलं रविवारी सकाळी. आजींच्या मेनमध्ये तर अजून सामुदायिक जेवणाला जमिनीत खड्डा खणून, निखाऱ्यांत मडकं पुरून रात्रभर घेवडा शिजवतात. हे ऐकलं आणि ही खुर्चीतून अर्धी उठली. "अहो, पोपटी!" वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं, भोवती जाळ. रायगडातली थंडी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यानंतर आजी आणि ही अर्धा तास एकमेकींशी बोलत होत्या. कोणत्या भाषेत, ते मला सांगता येणार नाही.

माझं लक्ष मात्र एका शब्दावर अडकलं होतं. मोलॅसिस.

मी सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. मोलॅसिस म्हणजे आमची मळी. उसाचा रस आटवून साखर काढायची, उरलेलं पुन्हा आटवून पुन्हा काढायची, तिसऱ्यांदाही काढायची, आणि यापुढे साखर निघणं परवडत नाही असं झालं की जे काळंकुट्ट, कडवट, नाकात बसणारं राहतं, ती सी मळी. ती टाकीत जाते आणि टाकीतून दारूच्या भट्टीला. कारखाना बघायला आलेले पाहुणे त्या टाकीशी नाकाला रुमाल लावायचे आणि माहिती विचारायचं थांबायचे. तिच्यावर सरकारचा पहारा. उत्पादन शुल्क खात्याचा पास असल्याशिवाय टँकर फाटकाबाहेर हलायचा नाही. आणि इथे मुलीच्या कपाटात, मधाच्या शेजारी, तीच बया काचेच्या बाटलीत नटून बसलेली! वर लेबल: लोह भरपूर, कॅल्शियम भरपूर, आरोग्यास हितकर. मला पुढचे दोन दिवस त्या कपाटापाशी उगाच धाकधूक व्हायची. घरात पास नव्हता.

बोस्टनला ही मळी यायची कॅरिबियन बेटांवरून. तिथल्या मळ्यांत गुलामांकडून ऊस पिकवून घ्यायचे. मळी इथे आणून तिची रम करायचे, आणि ती रम पुन्हा माणसं विकत घ्यायला आफ्रिकेला जायची. घेवड्याचा हा गोडवा त्या व्यापारातून आलेला आहे. हे कळल्यावर दुसरा घास जरा वेळाने गिळला.

जावयांनी एका रविवारी मला बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात नेलं. लोक तिथे इटालियन मिठाई खायला जातात, मी गेलो एक छोटी पाटी बघायला. १५ जानेवारी १९१९ ला इथे मळीची पन्नास फूट उंच टाकी फुटली. सुमारे सत्त्याऐंशी लाख लिटर मळी लाट होऊन रस्त्यावर आली. माणसांना पळायला सवड मिळाली नाही. एकवीस माणसं गेली, दीडशे जखमी झाली, घोडे किती गेले ते वेगळंच. अमेरिकेत फार संथ माणसाला "जानेवारीतली मळी" म्हणतात, आणि ही नेमकी जानेवारीतली. टाकीला आधीपासून गळती होती. त्यावर मालकांनी उपाय केला तो असा की टाकीला मळीच्याच रंगाचा तपकिरी रंग दिला, म्हणजे गळलेलं दिसणार नाही. जावई म्हणाले, "विश्वास बसत नाही ना बाबा?" मला चटकन बसला होता. मी एकतीस वर्षं नोकरी केलीय. पण तिथे मी चप्पल काढून दोन मिनिटं उभा राहिलो. आमच्या धंद्यातली माणसं होती ती.

परत येताना मी जाहीर केलं की येत्या शनिवारी घेवडा मी करणार. मळी मला माहीत, मडकं यंत्राचं, करायचं काय उरतं?

शुक्रवारी रात्री एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम नेव्ही बीन भिजत घातला. आरमाराच्या शिध्यात असायचा म्हणून हे नाव. कूळ आपल्या राजम्याचंच, आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचंही. ही सगळी भावकी मूळची अमेरिका खंडातली. म्हणजे आमच्या सातारा भागाने ज्याला घरचा मानला, तो चार-पाचशे वर्षांपूर्वीचा एनआरआय निघाला.

शनिवारी सकाळी भिजलेले दाणे थेट यंत्रात ओतणार, तेवढ्यात मुलगी ओरडली. "बाबा! आधी दहा मिनिटं गॅसवर खळखळून उकळायचे!" या कुळाच्या कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं. तांबड्या राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्यात कमी. ते उकळीला नष्ट होतं, पण नुसतं कोमट-गरम ठेवलं तर दाणा कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो, आणि स्लो कुकर उकळीच्या अलीकडेच घुटमळतो. चार-पाच दाण्यांत उलट्या सुरू. हे ऐकून हिचा चेहरा उजळला. "आणि शिट्टीच्या कुकरमध्ये?" मुलगी नाइलाजाने म्हणाली, "त्यात काही प्रश्न नाही." ही दिवसभर त्या वाक्यावर जगली.

उकळलेला घेवडा यंत्रात गेला. कांदा, मोहरीची पूड, मीठ. मुलगी म्हणाली, मूळ कृतीत खारवलेलं डुक्कर आहे. ही म्हणाली, "शनिवारी?" मारुतीरायाचं नाव निघालं तिथे डुकराचा विषय मिटला. त्याऐवजी लोणी पडलं, आणि कोल्हापूरहून तीन पिशव्यांत गुंडाळून आणलेली कांदा-लसूण चटणी. तिच्या वासाने आमच्या बॅगेभोवती विमानतळावर कुत्रं दोनदा फिरून गेलं होतं. मळीची वेळ आली तेव्हा मुलीने सौम्य बाटली पुढे केली. मी ती बाजूला सारून कपाटातली काळी बाटली काढली. सी मळी. ओळखीचं माणूस असताना परक्याकडे कशाला जायचं? अर्धा कप ओतली, बटण "लो"वर फिरवलं, सकाळचे आठ.

त्यानंतर काही झालं नाही.

हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. स्लो कुकरचा अनुभव एवढाच आहे. आवाज नाही, वाफ नाही, उतू जाणं नाही. भिंतींतली तार मातीच्या भांड्याला कडेकडेने तापवते आणि तुम्ही घरातून निघून जावं अशी अपेक्षा असते. "लो" आणि "हाय" दोन्ही शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, फक्त एक चालत जातो आणि एक सायकलवर. पण शिट्टीवर वाढलेल्या बाईला हे शांत भांडं बघवेना. ही दर पाऊण तासाने झाकण उचलून बघायची. प्रत्येक वेळी आतली ऊब निघून जाते आणि शिजणं वीस-तीस मिनिटं मागे पडतं, असं मुलीने सांगितलं. संध्याकाळपर्यंत मी अकरा वेळा मोजली. त्या हिशेबाने घेवडा आम्ही लावला त्याच्या आधीच्या अवस्थेला पोचायला हवा होता.

जेवणाच्या टेबलावर बसून जावयांनी या भांड्याची वंशावळ सांगितली. ते अभियंता असल्यामुळे कुठलीही गोष्ट वापरण्याआधी वाचतात. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन या गृहस्थाने याचं पेटंट घेतलं, १९४० साली. कल्पना मिळाली ती आईने सांगितलेल्या गोष्टीतून. लिथुआनियातल्या विल्ना गावात ती लहान होती तेव्हा तिची आई शुक्रवारी संध्याकाळी तिच्या हाती एक हंडी देऊन तिला बेकरीत पाठवायची. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, आणि तो लागला की विस्तव पेटवायचा नाही. पण बेकरीची भट्टी गार होत होत रात्रभर ऊब धरते. तिच्यात घेवडा, सातू, बटाटे, मांस ठेवलं की दुसऱ्या दिवशी आयतं शिजलेलं. त्या पदार्थाला चोलंट म्हणतात. नॅक्सनने आपल्या भांड्याचं नावही "बीनरी" ठेवलं होतं, जणू घेवड्यापलीकडे त्यात कुणी काही घालणारच नाही. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी तेच भांडं "क्रॉक-पॉट" म्हणून बाजारात आणलं.

"म्हणजे," ही सावकाश म्हणाली, "ज्यूंच्या बायकांना शनिवारी सुट्टी. यांच्या बायकांना रविवारी सुट्टी."

"तसंच काहीसं."

"बरं."

मी घाईघाईने घेवडा बघायला उठलो.

संध्याकाळचे सहा. दाणा दाताखाली धरला तर छर्र्यासारखा. सात वाजता छर्रा. नऊ वाजता मुलीने आणलेला आपला कुकर ओट्यावर चढला, दोन शिट्ट्या दणदणीत झाल्या, शेजारच्या आजींनी पडदा बाजूला करून पाहिलं, आणि आम्ही पिठलं-भात जेवलो. ही काही बोलली नाही. जिंकलेली माणसं बोलत नाहीत.

रात्री पडल्या पडल्या मी डोकं चालवलं, आणि अंधारात उठून बसलो. कडधान्याच्या पेशी ज्या पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात, ते सुटलं की दाणा मऊ होतो. कॅल्शियम भेटलं की ते आणखी घट्ट होतं. काळ्या मळीत कॅल्शियम भरपूर, हे लेबलवरच छापलेलं होतं. आणि ते मळीत येतं कुठून? थोडं उसातून, आणि थोडं आमच्यामुळे. रस शुद्ध करायला आम्हीच त्यात चुना कालवून घालतो. एकतीस हंगाम मी रसाला चुना लावला, आणि शेवटी सात समुद्र ओलांडून त्या चुन्याने मला चुना लावला.

पण एवढ्याने दाणा इतका अडणार नाही. मी हिला हलवलं. "त्यात आणखी काही टाकलंस?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग पांघरुणातून आवाज आला. "पाच आमसुलं. बिरड्यात घालतात तशी. किती गोड होतं ते!"

आंबट. आंबटानेही दाणा शिजत नाही. म्हणून तर डाळ शिजल्यावर चिंच घालतात, हे हिनेच मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी ते बोलून दाखवलं नाही. तिनेही चुन्याबद्दल काही म्हटलं नाही. तडजोड म्हणतात ती हीच.

एक वाजता मी पावलं न वाजवता खाली गेलो, झाकण उचलून चिमूटभर खायचा सोडा टाकला, ढवळलं, परत येऊन झोपलो.

सकाळी मुलगी खालून ओरडली. घेवडा झाला होता! दाणा अख्खा, पण जिभेने दाबला तर लोणी. रस्सा दाट, काळसर, गोड, मागून हळूच कोल्हापूर. मी सोड्याची गोष्ट सांगितली तर ही चमकली. "अहो, बारा वाजता मीही चिमूटभर टाकला की. आमसुलं काढायला गेले होते." जावई चहाच्या कपात बघत म्हणाले, "मी साडेअकराला. यूट्यूबवर होतं." पाच आमसुलांवर तीन चिमटी. मी मनातल्या मनात समीकरण मांडून पाहिलं. फार बिघडलं नव्हतं. रंग मात्र आजींच्या घेवड्यापेक्षा दोन छटा गडद आला होता. त्यांना वाटीभर दिला तर त्यांनी चाखला, डोळ्यांत पाणी आलं, दोन ग्लास पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाइस."

तर अशा रीतीने, कसलाही धर्म न पाळता, निव्वळ चुकीमुळे, आमचा घेवडा प्युरिटनांच्या वेळापत्रकाला पोचला. रविवारची सकाळ, घरात शिजलेलं अन्न, आणि कुणालाही काही करायचं नाही. मुलगी म्हणाली, "आई, आज तू बस." ही बसली. सोफ्यावर, हात मांडीवर ठेवून, एखाद्या सरकारी कचेरीत नंबर लागायची वाट बघावी तशी. दहा मिनिटं बसली. मग पदराचं टोक नीट केलं, मग टेबलावरची मासिकं एकावर एक रचली, मग म्हणाली, "घेवडा आहे खरा, पण गोड काहीतरी नको?" साडेनऊला रवा भाजल्याचा वास आला.

स्लो कुकर मात्र तिला आवडला. का, ते तिने सांगितलं नाही. परतायच्या आठवड्यात शेजारच्या गल्लीत गराज सेल होता, म्हणजे लोक घरातली अडगळ अंगणात मांडतात आणि दुसरे लोक ती पैसे देऊन आपल्या अडगळीत नेतात. तिथे स्लो कुकर तीन होते. हिने पाच डॉलरांचा एक उचलला. जावई म्हणाले, "आई, हा एकशे दहा व्होल्टचा. आपल्याकडे दोनशे तीस. लावला की गेलाच." मला वाटलं विषय संपला. हिने आतलं मातीचं भांडं उचलून बाहेर काढलं, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला, आतून बाहेरून हात फिरवला, आणि पाच डॉलर देऊन तेवढंच घेतलं. तार, पत्रा, बटण तिथेच त्यांच्या अंगणात सोडून दिलं. विकणारा माणूस आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होता.

ते भांडं मी मांडीवर घेऊन सोळा तास विमानात बसलो. आता ते कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात फडताळावर आहे, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आत शंभर लिंबांचं लोणचं. परवा जेवताना मी विचारलं, "मुरलं का गं? कळणार कसं?"

"कळायचं काय त्यात?" ही म्हणाली. "दोन महिन्यांनी फडकं काढायचं."